मास्तरच्या खिडकीतले मासे

हॅलो?

…कोण? …वहिनी! बोला, बोला. …नाही हो, कसला त्रास. तुमचंच काम करत बसलोय. म्हणजे मास्तरचंच. आजच्या शोकसभेचं भाषण लिहितोय. …हो, हाताने. प्रिंटर चालतो आमचा, पण त्याच्या मनात असेल तेव्हा. …नाही, लिनक्सचा दोष नाही तो. प्रिंटर बनवणाऱ्यांचा आहे. …तेच, मास्तरही हेच म्हणायचा.

पहिलं वाक्य ऐकवू का? …एकच. तुम्ही ऐकलंत की मला धीर येईल. ऐका हं. 'ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लिनक्सखेरीज एकाही परक्या सिस्टिमला आपल्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्या आपल्या मास्तरला…' …काय झालं? …हसताय की रडताय? …नाही, लाइनवर कळत नाही म्हणून विचारलं.

…बोला ना. …कॉम्प्युटर? त्याच्या खोलीतला? …तुम्ही चालू केलात? …एकट्याने? …बरं. मग? …काळी पाटी आली. हो, येते. त्यावर पांढऱ्या ओळी. …घाबरू नका, बिघडलं नाहीये काही. यादी असते ती. कुठून सुरू करायचं ते विचारतो. एरवी जरा वेळ थांबून आपला आपण सुरू होतो. …खालचा बाण दाबलात? मग बरोबर. मग तो थांबतो. तुमची वाट बघत बसतो. लिनक्स आहे ते वहिनी, अरेरावी करत नाही. विंडोज असतं तर एव्हाना तुम्हाला न विचारता…

…काय म्हणालात?

…तिसरी ओळ. पुन्हा वाचा. …नाही, एकेक अक्षर वाचा. डब्ल्यू. आय. एन. …चष्मा लावलाय ना? …लावलाय.

…आहे, आहे. फोनवरच आहे. पेन खाली पडलं.

हे बघा, याचा काही अर्थ होत नाही. दुकानातून मशीन आणतो ना, तेव्हाच त्यात विंडोज भरून देतात. नको म्हटलं तरी देतात. नव्या पाकिटात कागदाचा बोळा असतो, तसं. आपण बोळा काढून टाकतो. मास्तरचा काढायचा राहिला असेल. …हो, तेच मलाही कळत नाही. नव्या चष्म्याच्या काचेवरचा स्टिकर दुकानातच सोलून घेणारा माणूस. …राहिला असेल हो. सगळ्यांचं काही ना काही राहतं.

एक काम करू. पुसूनच टाकू ते. …अहो, किती वेळ लागतोय. मी सांगतो तसं टाइप करा. आज त्याची शोकसभा, आणि घरात ते… बरं दिसत नाही. …नको? …का नको?

…मासे?

…कसले मासे, वहिनी?

…थांबा हं. अगं ए, मिक्सर बंद कर जरा! …वहिनींचा फोन आहे! …मासे म्हणतायत! …आणायचे नाहीत गं, कॉम्प्युटरमधले! …मला काय माहीत! …हं, बोला.

…हळू. अहो ऐका ना, पहिल्यापासून सांगा. …रोज चारला. चहा झाला की. तुम्ही दोघं. …त्याच्या खोलीत. …पडद्यावर मासे. …जिवंत? …म्हणजे पोहणारे. बरं. …आणि तुम्ही त्यांना खायला घालायचात. माउसने. …तुम्ही माउस धरायचात, मग तो काय करायचा? …नुसता बघायचा. …माशांकडे? …हं.

…एक दिवस चुकला तरी मरतील. असं तो म्हणाला? …आणि त्याला दवाखान्यात नेल्यापासून तुम्ही… हो. …हो वहिनी, कळलं. तेव्हापासून उपाशी आहेत. …नाही, हसत नाहीये. शपथ. …वेडेपणा कसला त्यात? …कोणी तरी आहे आपल्या भरवशावर, आणि आपल्याला दार उघडता येत नाही. मला तर कळलं.

…लेक म्हणते विकून टाक? काही विकू नका. मी बघतो.

पण ते विंडोजमध्ये आहेत, हे कशावरून? …तो म्हणायचा? काय म्हणायचा, नीट आठवा. त्याचेच शब्द. …'चल, खिडकी उघडतो.' …रोज. …'खिडकीतले तुझी वाट बघतायत.' …आणि आज तिसऱ्या ओळीत तुम्हाला हे दिसलं. …विंडोज म्हणजे खिडक्या. हो. अर्थ तोच होतो.

…

…काही नाही. भाषणातलं ते पहिलं वाक्य खोडतोय.

…राग कसला यायचा, गेलेल्या माणसावर? …आला नाही. …थोडा आला.

वहिनी, आपला तो फोटोवाला आठवतो? लग्नांचे फोटो काढायचा, आमच्या लिनक्सच्या गटात चौथा होता. …तोच, दाढीवाला. त्याने मॅक घेतला तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मास्तर म्हणाला, जाऊ दे रे, त्याचा धंदा आहे. मी म्हटलं, धंदा असेल, पण तत्त्व काही आहे की नाही? …हो, तुम्ही ऐकलं असणार. तुमच्याच हॉलमध्ये म्हणालो होतो. …मोठ्याने. …अहो, मॅक म्हणजे काय? सासरच्यांनी सजवून दिलेली खोली. पडदे सुंदर, फुलदाणी सुंदर, पण भिंतीला एक खिळा ठोकायचा तर विचारायला जा. आणि विंडोज म्हणजे भाड्याचं घर. आपण झोपलो की मालक येतो, सोफा इकडचा तिकडे करतो, आणि सकाळी म्हणतो, 'तुमच्याच सोयीसाठी.' …फोनमधली सिस्टिम? ती आतून आपलीच आहे, लिनक्सच. पण मोठ्या कंपनीत लागल्यापासून ओळख देत नाही.

…आणि लिनक्स काय? लिनक्स म्हणजे… …काय? …'स्वतः विटा भाजून बांधलेलं घर, ज्याच्या संडासला अजून दार नाही.' …हे कोण म्हणालं?

…मास्तर.

…तुम्हाला म्हणाला. मला कधी नाही म्हणाला.

…नाही, चांगलं आहे वाक्य. …खरं म्हणजे दार आहे. कडी नाहीये.

…सांगितलं असतं मला त्याने, तर काय झालं असतं? मी काय खाल्लं असतं का त्याला? …हो. …हो, टाकलं असतं बोलणं. …बरोबर आहे तुमचं.

…नाही, ठेवू नका फोन. मासे आधी. चला. तिसऱ्या ओळीवर आहात ना? …एंटर दाबा. …मीच सांगतोय, हो. …आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी विंडोज उघडायला सांगतोय, जरा सांभाळून घ्या. …गोल फिरतंय? फिरू दे. फिरतंच ते.

…

…अजून फिरतंय? फिरू दे. वहिनी, तोवर एक विचारू? शेवटी काही म्हणाला का तो? …नाही, आमच्याबद्दल असं नाही, एकूणच. …नर्सला विचारलं? काय? …'या मॉनिटरवर कुठली सिस्टिम आहे?' …आणि ती काय म्हणाली?

…'आजोबा, पडून राहा.'

…हसलो, हो. तुम्हीपण हसलात. …हसा हो, काही होत नाही. त्याला आवडलं असतं. …त्याने तिला आमचं लिनक्सचं पत्रक दिलं असतं, हात मोकळा असता तर. 'फुकट नव्हे, मुक्त.' …हो ना, तुम्ही कायम फुकटच म्हणायचात. 'तुमचं ते फुकटचं.' तो किती चिडायचा. मुक्त वेगळं वहिनी, फुकट वेगळं. फुकट म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे आत काय आहे ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. …हो, आणि पैसेही नाहीत. पण तो मुद्दा नाही. …बायकोला तो मुद्दा वाटतो, मान्य.

…थांबलं? काय दिसतंय? …निळं. काय विचारतंय? …'तुमचा देश कोणता?' …काही दाबू नका हं. नीट वाचा. …'चला, सुरुवात करू या.' …मास्तरचं नाव आहे कुठे? …फोटो? …कुठे काहीच नाही?

…वहिनी. …वहिनी, ते कोरं आहे! …अहो, कोरं म्हणजे कोरं! देश पहिल्यांदाच विचारतात. एकदा जरी त्याने ते उघडलं असतं ना, तर हे सगळं विचारून झालं असतं. ते त्याला ओळखतच नाही! …बोळाच आहे! पाकिटातला बोळाच आहे तो! …मास्तर चोख होता वहिनी! मला माहीत होतं! …नाही, मघाशी माहीत नव्हतं. आता आहे. …रडत कुठे. सर्दी आहे.

…हो. …हो, मासे. …चुकलं माझं. मी आपला स्वतःच्याच आनंदात. …नाही, तुम्ही बोललात ते योग्यच बोललात. तुम्हाला देश विचारतायत आणि मी टाळ्या वाजवतोय.

थांबा, आपण नीट विचार करू. तो 'खिडकी' म्हणायचा. नक्की खिडकी? 'चौकट' नाही? …कधीच नाही? …अहो, फरक आहे! आम्ही लिनक्सचं मराठी केलं ना, सगळ्या मेनूंचं, बटणांचं, तेव्हाची गोष्ट. पडद्यावर ते चौकोन उघडतात, एकेक प्रोग्रॅम एकेका चौकोनात, त्याला इंग्रजीत विंडो. मास्तर म्हणाला, खिडकी म्हणू. खिडकीतून आत बघता येतं, बाहेर बघता येतं, साधा शब्द आहे. मी म्हटलं, शक्यच नाही. खिडकी म्हटलं की लोकांना ती कंपनी आठवेल. 'चौकट' म्हणा. महिनाभर वाद चालला. …तोच, तोच, ज्यात तुमचा कप फुटला. …निळ्या फुलांचा होता का? मला वाटलं स्टीलचा. …स्टीलचा कसा फुटेल, बरोबर. …मग शेवटी मतदान झालं. मी आणि आमच्या गटातला डेंटिस्ट एकीकडे, मास्तर एकटा. फोटोवाल्याला मत नव्हतं, मॅक घेतला होता त्याने. …मग काय, आमच्या आवृत्तीत सगळीकडे 'चौकट' लागलं. …कोण वापरतं म्हणजे? आम्ही तिघं वापरतो. …दोघं.

…म्हणजे बघा, त्याच्या खिडकीचा त्या विंडोजशी काही संबंधच नाही. तो नुसता चौकोन उघडायचा. बाहेर आमच्यात चौकट म्हणत होता, मतदान झालं होतं म्हणून. घरात खिडकीच म्हणत राहिला.

…मलापण सांगता आलं असतं की त्याला. …हो, टाकलं असतं. किती वेळा तेच, वहिनी.

चला, बंद करू हे. मोठं बटण दाबून धरा. …धरूनच ठेवा. …धरा हो, त्याला लागत नाही. …गेला? आता पुन्हा चालू करा. पाटी आली की काही दाबायचं नाही. हात मागे. …मागे म्हणजे अगदी पाठीमागे नको. …आला? पासवर्ड मागत असेल, तो… …मागत नाही? सरळ आत? …कमाल आहे. मला पासवर्डवर केवढी व्याख्यानं दिली त्याने. …तुम्हाला लक्षात राहत नव्हता म्हणून काढला? …असू दे.

आता तुम्ही काही करू नका. मला इथून त्याच्या मशीनमध्ये जाता येतं. आम्ही एकमेकांना किल्ली दिली होती. एक पडला तर दुसऱ्याने उचलायचं म्हणून. …मशीन पडलं तर, वहिनी.

…आलो. …हो, आत आहे मी, तुम्हाला दिसणार नाही. …बिलं. …औषधं. …'प्रिंटर' नावाचा फोल्डर फार मोठा आहे, मी उघडत नाही. …भाषांतर. …हे काय… 'खिडकी'. सापडली! अहो, सरळ मराठीत नाव आहे. इथून सुरू करतो, तुमच्या पडद्यावर येईल. …आलं?

…पाणी दिसतंय. बरं. आणि? …मोजा. …सावकाश मोजा, ते हलणारच. …आठ. सगळे? …तो कुठला? …एकाच बाजूला वळणारा. तोपण आहे ना? …मग झालं तर. …हो वहिनी. सगळे जिवंत आहेत.

…रडा. मी थांबतो. …नाही, मला कुठे जायचंय. रडा.

…

…काही नाही, त्याने लिहिलेलं वाचतोय. …हो मग, त्यानेच केलेत ते. कुठून आणलेले नाहीत, एकेक ओळ त्याची आहे. लिहिण्यावरून कळतं हो. मध्येच एक ओळ मोकळी सोडतो, जिन्यात दम खायला थांबल्यासारखी. …हो, शेवटच्या दिवसांत जिन्यात थांबायचा ना, तसाच. …एकाच बाजूला का वळतो? …बघतो. …चूक आहे. अधिकच्या जागी वजा पडलंय. …दुरुस्त करू? …नको? …बरं, नाही करत.

…आणि हे माथ्यावर काय लिहिलंय? हां, प्रोग्रॅमच्या माथ्यावर आम्ही परवाना लिहितो. 'कोणीही घ्या, बदला, वाटा.' त्याशिवाय प्रोग्रॅम घराबाहेर काढायचा नाही, हा नियम मास्तरनेच केला. इथे लिहिलंय…

…

…'हे वाटायचं नाही. हे घरचं आहे.'

…एवढंच. …नाही, वाईट नाही वाटलं. …वहिनी, आयुष्यभर त्याने मला शिकवलं की स्वतःपुरतं लिहून कुलपात ठेवणारा माणूस म्हणजे सगळ्यात हलका माणूस. फोटोवाल्याला मी जे बोललो ना, ते शब्दसुद्धा त्याचेच होते. …नाही, तक्रार नाही. मी मागितलं असतं, हे त्याला माहीत होतं. मी मागितलं असतं, मग डेंटिस्टला दिलं असतं, मग डेंटिस्टने त्याच्या वेटिंग रूममध्ये लावले असते, दाढ दुखणाऱ्यांना बघायला. …मग तुमचे कुठे राहिले असते ते?

…कधी केले असतील? तारीख आहे इथे. …त्याचे रिपोर्ट आले, त्याच आठवड्यात. …हो. …तुम्ही तेव्हा बसायचाच नाहीत? …औषधं, कपडे, फोन, येणारे-जाणारे. …'जरा बस माझ्याजवळ' म्हणायचा. …आणि तुम्ही म्हणायचात, बसायला वेळ कोणाला आहे. …अहो, तेव्हा नसतोच वेळ. कोणाला असतो? …आणि मासे आले, मग बसायला लागलात. …कारण मासे मरतील.

…हं.

…किती घालायचं? थांबा, बघून सांगतो. फार दिवसांचे उपाशी आहेत, एकदम जास्त नको, बरोबर आहे. …हे इथे आहे, दाणे. दाणा पडतो. जो जवळ असेल तो मासा वळतो. दाणा जातो. …आणि भूक… भूक कुठे धरलीय त्याने… …नाही, स्वतःशीच बोलतोय. …पुन्हा बघतो.

…

…आहे, आहे, फोनवर आहे. चष्मा पुसत होतो.

…काही नाही हो. …कितीही घाला. …नाही, जास्त झालं तरी त्यांना काही होत नाही. …हो, तसंच लिहिलंय इथे. …रोज? …हो. रोज. चारला. …चुकवू नका. …आणि बसून घालायचं हं वहिनी, उभ्या उभ्या नाही. …तसं लिहिलेलं नाही, मी सांगतोय.

…शोकसभापण चारलाच आहे, हो. डेंटिस्टला तेवढीच वेळ मोकळी होती. …नाही नाही, तुम्ही येऊ नका. …कोणी काही म्हणणार नाही, दोघंच तर आहोत म्हणायला. मी आणि डेंटिस्ट. …फोटोवाला? …त्याला कळवलं नव्हतं. …कळवतो. …आता लगेच कळवतो, हो. …आणि बोलतो. नुसतं कळवत नाही, बोलतो.

…ते पहिलं वाक्य? ठेवतो की. खरं निघालं ना. …माशांचं नाही सांगत कोणाला. वाटायचं नाही म्हटलंय त्याने.

…चारपर्यंत धीर नाही? आत्ता थोडं घालता? …बरं, घाला. घाला. मी… वहिनी, एक मिनिट. अहो ऐका ना. तुम्ही कधी लेकीकडे राहायला गेलात, किंवा आजारी-बिजारी पडलात, तर जिवाला लावून… हॅलो? …वहिनी? …हॅलो?

…

…ठेवला गं त्यांनी. …हो, सापडले. …सगळे. …नाही, एक सांगायचं राहिलं. …फार काही नाही. त्या माशांना भूक लागतच नाही. ती त्याने लिहिलेलीच नाही.